रोमचे पितर

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या सासऱ्यांची उंची न्याहाळत होते.

मी नवी सून, ठाण्यात बिऱ्हाड मांडायला आलेली. सासरे पोचवायला आले होते. घरमालक ओटीवरून उतरले, सासऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि कौतुकाने म्हणाले, "चांगले उंच आहात हो!" सासऱ्यांना उंचीचा भारी अभिमान, ते छाती काढून उभे राहिले. घरमालक मान डोलावत "बांबू लांब लागणार" असं पुटपुटले आणि आमचं सामान उतरवायला धावले. सासऱ्यांना वाटलं, मांडवाचं काहीतरी असेल. मला शेजारणीने मागाहून अर्थ सांगितला तेव्हा हातातली पळी आमटीत पडली. तिरडीचे बांबू! समोर जिता माणूस उभा, आणि हे तिरडीचं माप घेतायत! बाई बाई बाई, कुठल्या घरात येऊन पडले मी!

सारं ठाणं त्यांना काका म्हणायचं, मीही म्हणू लागले. कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेले, बायको तरणीच गेलेली, मूल ना बाळ. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. कुणाला सोंगट्यांचा नाद असतो, कुणाला कीर्तनाचा. काकांना मर्तिकाचा होता. हसू नका, खरं सांगते. गावात कोणी गेलं की घरच्यांनी हंबरडा फोडायच्या आत काका कमरेला पंचा आवळून दारात हजर. बांबू कुठून आणायचे, सुतळी कसली, गोवऱ्यांना कोण जाणार, सगळं तोंडपाठ. तिरडीची गाठ त्यांनीच मारायची. दुसऱ्याने मारली तर सोडून पुन्हा मारायचे. घरची माणसं रडत बसली की चक्क रागवायचे. "रडा की मागाहून, कोण नको म्हणतंय? पण मेलेल्याला ताटकळत ठेवू नये. त्याला लांब जायचं असतं."

पहिला खांदा त्यांचा, आणि खाडीवरच्या मसणवटीत पोचेपर्यंत ते खांदा सोडत नसत. नौपाड्याकडचा एक सावकार मेला. त्याच्या दारात कुत्रंही फिरकत नव्हतं. त्यालासुद्धा काकांनी चार माणसं जमवून दिली, त्यातली दोन जेवत्या पानावरून उठवून आणलेली.

बायका त्यांना भ्यायच्या. सणासुदीला समोरून आले की मी स्वतः दार लोटून घेतलंय. एकदा मात्र धीर करून विचारलं, "काका, हे हो कसलं वेड तुमचं?" ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "सूनबाई, माझ्यामागे कोणी नाही. माझं काय, मला कावळ्यांनी खाल्लं तरी चालेल. पण आईला चार खांदे मिळाले पाहिजेत. आज मी गावाला देतो, उद्या गाव तिला देईल." जन्मात त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

आणि असा माणूस विलायतेला गेला!

आजही सांगताना माझं मलाच पटत नाही. मुंबईच्या कुणा शेटजींचा दावा तिकडच्या मोठ्या कोर्टात चालला होता. त्यांना इंग्रजी जाणणारा आणि तोंड मिटून बसणारा माणूस हवा होता. कचेरीतल्या जुन्या साहेबाने काकांचं नाव सुचवलं. समुद्र ओलांडला की जात गेली, हे शेंबडं पोरही सांगेल. पण परतल्यावर प्रायश्चित्त घेतलं तर मी तुम्हांला पंक्तीला घेईन, असं कल्याणच्या शास्त्रीबुवांनी आधीच कबूल केलं होतं, आणि कल्याणच्या शास्त्रीबुवांचा शब्द ठाण्यातही चालायचा. तरी काका जायला तयार नव्हते. आई अंथरुणाला खिळलेली, मागे काही झालं तर? शेवटी म्हातारीच खेकसली, "जा रे! बघून ये काय ते, आणि मला सांग. तोवर मी काही मरत नाही." आजींचं सगळं माझ्यावर सोपवून काका गेले.

परत आले ते वाळून, पण हसत. प्रायश्चित्त होईपर्यंत त्यांनी घरात शिरायचं नव्हतं. पडवीत निजायचे, हाताने भात शिजवायचे, आणि आईच्या खिडकीबाहेर पाट टाकून तिच्याशी तासन् तास बोलायचे. गल्लीतली माणसंही जमायची. त्यांच्या हातचं पान घ्यायची नाहीत, पण विलायतेच्या गोष्टी ऐकायला अंगणभर पसरून बसायची. मी दाराआड.

"लंडनचं काय सांगू, नुसता धूर," काका म्हणायचे. "मजा आली ती रोमला. परतीच्या वाटेवर तिथे मुक्काम पडला. शेटजी पोट धरून निजले. आता तिकडे एक चाल आहे. देशोदेशीचे गोरे लोक पैसे भरून एका मोठ्या गाडीत बसतात आणि एक वाटाड्या त्यांना गाव दाखवतो. शेटजींची जागा रिकामी, म्हणून मी बसलो. चार घोडे, गाडीत बाकं, बाकांवर मडमा. पुढे वाटाड्या उभा, हातात मिटलेली छत्री. छत्री उजवीकडे गेली की सगळ्यांनी उजवीकडे बघायचं, डावीकडे गेली की डावीकडे."

"आणि काय काय दाखवलंन्?" खिडकीतून आजींचा आवाज.

"पडकं गं आई, सगळं पडकं! खांब आहेत तर छप्पर नाही, छप्पर आहे तर भिंत नाही. आपल्याकडे अशा जागी म्हशी बांधतात. आणि वाटाड्या काय सांगतो, तर इथे एका बादशहाला त्याच्याच माणसांनी भोसकलं. हाक गाडी पुढे. इथे माणसं जनावरांपुढे टाकत आणि गाव बघायला बसे. हाक गाडी पुढे. मडमा बिस्किटं खातायत! मी म्हटलं, अरे थांबा, इतकी माणसं मेली म्हणता, हात तरी जोडू द्या. जोडे काढून खाली उतरायला जायचो तोवर घोडे चालू."

अंगण हसून हसून लोळलं. काका मात्र हसायचे थांबले.

"मग एका देवळापाशी नेलं. देवळाखाली तळघर आहे. तिथे हाडं आहेत. त्यांच्यातल्या गोसाव्यांची, शेकडो वर्षांची. जाळलेली नाहीत, पुरलेली नाहीत. कवट्या रचून कमानी केल्यात. मणक्यांची फुलं करून भिंतीला लावलीत. हाडांचंच झुंबर टांगलंय. काहींना तर कफनी घालून उभं केलंय, माना खाली. आणि वर छताला एक मूल. एवढंसं."

अंगणात एकाने आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं.

"लहान मूल आपणही जाळत नाही, पुरतो. पण माती घालतो हो! पांघरूण घालावं तशी माती घालतो. त्याला तर उघडंच ठेवलंय. मी वाटाड्याला विचारलं, यांचं कोणी नाही का? तो म्हणाला, मरण कोणाला चुकत नाही हे बघणाऱ्याला कळावं म्हणून यांना असं ठेवलंय. मी म्हटलं, बाबा रे, मला कळलं. आता यांना जाऊ दे की!"

पुढचं ऐकून तर मी दाराआडून पुढेच आले. तळघरातल्या गर्दीत काकांचा हात एका हाडाला लागला होता. आता सचैल स्नान केल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकणारे नव्हेत. वर आले तर समोरच्या चौकात मोठं कुंड, मध्ये दगडी देव शंख फुंकतोय आणि पाणी उडतंय. काकांना वाटलं, हाडांच्या देवळासमोर कुंड, म्हणजे मर्तिकाच्या अंघोळीसाठीच बांधलेलं असणार. दुसरं कशाला असेल? काका उतरले की हो त्यात, अंगरखा, उपरणं, पगडीसकट! तीन बुड्या मारल्या, दक्षिणेकडे तोंड केलं आणि त्या हाडांच्या नावाने ओंजळीने पाणी सोडायला लागले. मडमा किंचाळल्या. एकीला घेरी आली. वाटाड्याने छत्रीची मूठ त्यांच्या गळ्यात अडकवून ओढलं, तरी हे ओंजळ सोडीनात. शेवटी दोन शिपायांनी बाहेर काढलं. ओला माणूस गाडीत घेईनात, तेव्हा काका पाणी निथळत त्या चार घोड्यांच्या मागून चालत मुक्कामावर आले.

"पण ते पाणी पुरं झालं नाही," काका म्हणाले. "तीळ नव्हते ना जवळ. मी त्यांना सांगून आलोय, घरी गेलो की तिळांसकट देतो म्हणून."

लोकांना ती थट्टा वाटली. हसत हसत उठले आणि घरोघर हाच किस्सा. मी काकांचं तोंड बघितलं होतं, मला काही हसू आलं नाही.

प्रायश्चित्ताचा दिवस उजाडला. काकांनी डोकं भादरलं, पंचगव्य ताक प्यावं तसं घटाघट प्यायले, होम झाला. ठाण्याची, कल्याणची मंडळी पानावर बसली. या पंक्तीत सगळे जेवले की काका जातीत आले. आमचे हेसुद्धा बसले होते. भात-वरण वाढून झालं, तूप पडलं, शास्त्रीबुवांनी आपोशनाला पाणी हातात घेतलं. तेवढ्यात काका त्यांच्यापुढे हात जोडून उभे.

"शास्त्रीबुवा, आता मी शुद्ध झालो ना?"

"अहो, झालात! बसा आता."

"मग सर्वपित्रीला माझ्याकडे यायचं. तर्पण सांगायचंय."

"येऊ की. वडलांचं ना?"

"वडलांचं आहेच. शिवाय रोमच्या त्या मंडळींचं."

शास्त्रीबुवांच्या हातातलं पाणी गळून गेलं. "त्यांचं? म्लेंच्छांचं? अहो, त्यांचं गोत्र काय?"

"ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप म्हणावं, असं तुम्हीच सांगता."

"आणि नावं?"

"नावं विचारायची राहिली," काका म्हणाले. थट्टेने नव्हे हो, अगदी ओशाळून.

आधी एक जण उठला, मग दुसरा. मग सगळी पंगत उठली. वाढलेल्या पानांवरून माणसं उठून जाताना मी जन्मात पाहिली नव्हती. कोणी ओरडलं नाही, भांडलं नाही. उपरणी सावरत, एकमेकांकडे न बघता निघून गेली. आमचे हेही उठले. भातावरचं तूप थिजलं तरी काका वाढप्याची पळी हातात धरून तिथेच उभे होते.

शास्त्रीबुवा काही वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी एकटेच परत आले. अंगणातूनच म्हणाले, "थट्टा केली म्हणा, मी सगळ्यांना पुन्हा पानावर बसवतो. पण तुम्ही खरंच ते पाणी दिलंत, तर यापुढे प्रायश्चित्तालाही प्रायश्चित्त नाही. अहो, गेल्या जन्मीचे तुमचे कोण लागतात ते? घरात आई आहे. उद्या तिचं बरंवाईट झालं तर कोण येईल? चार माणसं कुठून आणाल?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मेलेल्या माणसांना न भिणारा हा माणूस, त्या वेळी मी त्याला घाबरलेलं बघितलं. ते आत आले. प्रायश्चित्त झालं होतं म्हणून इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा आईच्या अंथरुणाशी बसले. मी आजींना पेज भरवत होते.

"ऐकलंय मी सगळं," आजी म्हणाल्या. "ते मूल, छताला आहे म्हणालास ते. केवढं रे असेल?"

"असेल तीन-चार वर्षांचं."

"आणि लोक गाडीत बसून बघायला येतात त्याला?"

"येतात."

आजींनी माझा हात बाजूला सारला. "कुणाच्या तरी पोटचंच ना ते? आणि ते गोसावी, ते काय आभाळातून पडले? पाणी देतो म्हणून सांगून आलायस. मग दे. देतो म्हणून न देणारा मुलगा मला नको."

"आई, पण तुझं..."

"माझं काय? माणसं आली तर आली. नाही आली तर तू आहेस ना? का तूही उठणार आहेस पानावरून?"

मी पेजेचं वाडगं घेऊन उभी. ही बाई, जिने माझ्या ओवळ्या पदराचा स्पर्श झाला म्हणून मला तीनदा हात धुवायला लावलेले!

सर्वपित्रीला काका तलावावर गेले. भटजी नाही, कोणी नाही. स्वतःच पोथी धरली, स्वतःच मंत्र म्हटले, पितळी ताम्हनात तीळ. घाटावरची माणसं जानवी सावरत पायऱ्या चढून निघून गेली. काका मात्र सावकाश, एकेक ओंजळ सोडत होते. काळे तीळ पाण्यावर बराच वेळ तरंगत राहिले, असं पाण्याला गेलेल्या बायकांनी सांगितलं. घरी आले ते शांत होते. म्हणाले, "सूनबाई, झालं एकदाचं. फार दिवस उभे होते बिचारे."

त्या दिवसापासून काका वाळीत. न्हावी येईना, भटजी येईना, विहिरीवरून त्यांची मोलकरीण परतवली. आमच्या ह्यांना कचेरीत सहकाऱ्यांनी बजावलं, बिऱ्हाड हलवा. हे रोज मला म्हणायचे, आणि मी रोज म्हणायची, आजींना पेज कोण भरवील? माझ्याकडे तेवढी एकच सबब होती.

या सगळ्याचं काकांना काही वाटलं नाही. मेलं काय ते जेवण आणि काय तो न्हावी! त्यांना मोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. दिवाळीनंतर पलीकडच्या आळीतले एक वकील गेले. रडण्याचा आवाज आला आणि काका सवयीने पंचा आवळून धावले. दारातच त्यांना अडवलं. "तुम्ही हात लावू नका. आमच्या वडलांची गती बिघडेल." ज्या मुलाने हे म्हटलं त्याच्या आजोबांना काकांनी भर उन्हात खांदा दिला होता! काका मागे सरले, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. तिरडी बांधत होते तिकडे बघत राहिले. मग न राहवून ओरडले, "अरे, डावीकडची गाठ सैल आहे! वाटेत सुटेल!" कोणी मान वर केली नाही. काका घरी येऊन ओटीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मला रागाने काही सुचेना. त्या आळीत जाऊन एकेकाच्या कानफटात द्यावी असं वाटलं, आजही वाटतं.

आजी माघात गेल्या. सकाळी, काकांच्या मांडीवर. मरताना काही बोलल्या नाहीत, आदल्या रात्रीच पेज कडवट लागते म्हणून माझ्यावर डाफरल्या होत्या.

काकांनी अंघोळ केली, आईला अंघोळ घातली, नवं लुगडं मी नेसवलं. बांबू, सुतळी त्यांनी कधीची आणून ठेवली होती. मग ते घरोघर गेले. गेले ते त्याच दारांना, जिथून त्यांनी कुणाचा बाप, कुणाची आई उचलली होती. एकाला ताप होता. एकाच्या पायात काटा. एकाच्या घरातून आवाज आला, ते घरात नाहीत, आणि आवाज त्याचाच! शास्त्रीबुवांकडे कल्याणला निरोप्या धाडला, तो "बरं" एवढंच ऐकून परत आला. ऊन डोक्यावर आलं, उतरायला लागलं. काका अंगणात उभे राहून वाटेकडे बघत होते. माणूस तर सोडाच, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद आणि दारांच्या फटीत डोळे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नजर वळवली. "मी एकटा जाऊन का चार होणार आहेत? आणि माझी धाकटी बहीण उजवायची आहे अजून." खोटं नव्हतं ते. पण ऐकवेना.

काकांनी बांधून ठेवलेली तिरडी सोडली, बांबू भिंतीशी लावून ठेवले. आईला पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलं, गुडघ्यावर बसले आणि तिला पाठीवर घेतलं. पोरं जत्रेत बापाच्या पाठुंगळीला बसतात ना, तशी. कमरेच्या पंच्याने तिला स्वतःशी बांधून घेतलं आणि उठले. उठले आणि थांबले. विस्तवाचं मडकं खाली होतं. पुढे मडकं धरतो तो मुलगा, आणि मुलाचे दोन्ही हात आईला धरण्यात गुंतलेले.

ते मडकं मी उचललं.

हो, मी. बायकांनी मसणात जायचं नसतं, हे मला शिकवायला नको. "अगं, शुद्धीवर आहेस का?" हे ओरडले. मी म्हटलं, "तुम्ही धरता? नाही ना? मग गप्प बसा." नवऱ्याला गप्प बसा म्हणाले! माझे शब्द ऐकून मलाच धडकी भरली. पण पाय चालायला लागले होते.

भर दुपारी गल्लीतून मी पुढे, मडक्याचा धूर डोळ्यांत, आणि मागे आईला पाठीवर घेतलेले काका. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवीही दिली नाही. फटीफटींतून नुसते श्वास ओढल्याचे आवाज. मिठागराच्या बांधावरून आम्ही खाडीवर पोचलो. लाकडं विकणारा उठून उभा राहिला, आमच्या मागे दूरवर बघायला लागला. "बाकीची मानसं मागून येतान का?" त्याने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "आलोत तेवढेच."

त्यांनी लाकडं रचली. त्यांना कोणी मदत करायची गरजच नव्हती, इतक्या वेळा रचलेली. आईला उचलून वर ठेवलं, वस्त्र सारखं केलं. मग घाम पुसत, अगदी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

"सूनबाई, केवढीशी झाली होती हो आई! वाटेत एकदाही टेकावं लागलं नाही. चार माणसं लागतातच, हे मला कोणी सांगितलं होतं? आणि मी इतकी वर्षं त्या भीतीने मेलो."

मी मडकं त्यांच्या हातात दिलं.